काल्याची बाटली

मावशी, तुझी परात अजून ओट्यावर उपडी आहे. शालू गावाहून आली, तिने तुझी सगळी भांडी घासून मांडणीवर लावली, पण परातीला हात लावला नाही. आईची परात लेकीला हलवावीशी वाटत नाही, तिथे मी कोण हलवणार? परातीच्या काठावर तांदळाच्या पिठाची एक वाळलेली रेघ आहे. त्या सकाळची. शेवटची भाकरी तव्यावर टाकून तू परात उपडी घातलीस आणि म्हणालीस, "मागसून घासतंय."

मी तुझा कोण, हा प्रश्न परळच्या इस्पितळात पहिल्या दिवशी सिस्टरने विचारला होता. केस पेपर भरताना तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "हे कोण? मुलगा?" मी घुटमळलो. तू पलंगावरूनच उत्तर दिलंस, "नाय गो बाय. खाणारो." सिस्टर केरळची, लिसी तिचं नाव. तिला काही कळलं नाही. तिने 'नातेवाईक' असं लिहून टाकलं. तुझं उत्तर जास्त खरं होतं. कोकणातून शाळामास्तर म्हणून मुंबईत आलो आणि काळाचौकीत तुझ्या खानावळीत जेवायला बसलो, ते तू जाईपर्यंत तिथेच जेवत राहिलो.

खानावळ म्हणजे तुझी एकच खोली. गिरणीच्या पाळ्या सुटतील तशा पंगती उठायच्या. एकटे राहणारे कोकणातले गिरणी कामगार, मांडीला मांडी लावून, आणि त्यांच्यात कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेला मी. "मास्तरा, पुस्तक मिट. आमटी काय अक्षरात वाढू?" हे तुझं मला उद्देशून पहिलं वाक्य.

मी आलो आणि थोड्याच दिवसांत संप झाला. गिरण्यांचे भोंगे थांबले, पाळ्या थांबल्या, तरी पंगत थांबली नाही. पुढे पुढे माणसांना जेवायला यायची लाज वाटू लागली. धोंडू विणकर आणि त्याचे सोबती खाली चाळीच्या पायऱ्यांवर बसून राहायचे, विचारलं तर जेवून आलो म्हणायचे. एकदा तू गॅलरीत उभी राहून सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडलीस, "अरे मेल्यांनो, संप गिरणीत हा, पोटात नाय! येतास वर, की मी ताटां घेवन खाली येव?" ते मान खाली घालून वर आले. कुळथाची पिठी इतकी पातळ होती की ताटाचा तळ दिसायचा. त्या पंगतीत नोकरी असलेला मी एकटाच. मला वाटायचं, माझ्या ताटात तू थोडं जास्त वाढशील, किंवा रागाने थोडं कमी. तू सगळ्यांना एकाच पळीने वाढलंस. पळी भरताना तुझा हात कधी हलका-जड झाला नाही. मी आयुष्यात पुष्कळ वाचलं, पण समानता म्हटलं की मला तीच पळी आठवते.

पुढे गिरण्या बंदच राहिल्या. तुझे यजमान, आमचे काका, गावी गेले आणि तिथेच वारले. शालूचं लग्न सावंतवाडीला झालं. खाणारे पांगले. राहिलो धोंडू आणि मी. धोंडू पूर्वी ज्या गिरणीत विणायचा, तिच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या फाटकावर आता पहारा करायचा, आणि दुपारी तुझ्याकडे जेवायला यायचा.

तुझं दुखणं भाकरीने सांगितलं. परातीतून उचलताना ती मोडू लागली. थापताना एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला चिरलेली. धोंडू म्हणाला, "मावशे, ही भाकरी हा की मास्तराच्या शाळेतलो नकाशो?" तू त्याला मारायला उलथनं उचललंस आणि ते तुझ्या हातातून गळून पडलं. आम्ही हसलो. तू हसली नाहीस. मग पायातून चप्पल निसटू लागली आणि ती निसटल्याचं तुला कळेना. पोलक्याची बटणं लावून द्यायला तू शेजारणीला हाक मारू लागलीस. साखर आहे, वय आहे, असं सांगून गल्लीतल्या डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली. महिने गेले.

परळला सुयांच्या तपासण्या झाल्या, पाठीच्या कण्यातलं पाणी काढून झालं, आणि मग तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून समजावलं. शरीरात रोगाशी लढणारी एक फौज असते. तुझ्या फौजेने तुझ्याच नसांना शत्रू मानलं होतं आणि त्यांच्यावरचं आवरण ती कुरतडत होती. तू म्हणालीस, "म्हणजे घरातलोच कुत्रो घरच्यांका चावता." बाई म्हणाल्या, "अगदी तसंच." आधी स्टेरॉइड दिलं. साखर अशी उसळली की ते थांबवावं लागलं. मग त्यांनी त्या औषधाचं नाव घेतलं. इम्युनोग्लोब्युलिन. शिरेतून, बाटलीने, थेंब थेंब.

"कशापासून करतत?" तू विचारलंस. स्वयंपाक करणाऱ्याचा प्रश्न.

"हजारो माणसांनी दिलेल्या रक्तातला पातळ भाग एकत्र करतात, मावशी. त्यातून रोगाशी लढणारी प्रथिनं वेगळी काढतात. तपासून, शुद्ध करून."

"हजारो? म्हणजे काला."

त्या क्षणापासून त्याचं नाव काला. गोकुळाष्टमीला घराघरांतून आलेले पोहे, दही, लोणचं एकत्र कालवतात आणि मग कुणाच्या घरचं काय ते वेगळं ओळखता येत नाही, तसं. धोंडूला मात्र ते पटेना. "पण मावशे, कोणाकोणाचा रगात? कोण, कसलो, काय खाणारो..."

"माझ्या पंगतीक बसताना तू बाजूच्याक इचारलेलंस, तू कोण म्हणान? ताट ओढलंस आणि जेवलंस. गप ऱ्हव."

धोके सांगायला डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. आतून तुझा आवाज आला, "बाटली माका लागतली, मास्तराक नाय. माका सांगा." बाई आत गेल्या आणि तुझ्या पलंगावर बसून सगळं बोलल्या. ताप, थंडी, डोकेदुखी तर बऱ्याच जणांना होते. थेंब घाईने सोडले तर जास्त. कधी मूत्रपिंडांना इजा होते, साखर असलेल्यांना अधिक. रक्त दाट होऊन गाठ बनू शकते. ती हृदयात, मेंदूत, पायात कुठेही अडकू शकते. क्वचित कुणाला हे औषध अजिबात सोसत नाही, श्वास कोंडतो. दुसऱ्याच्या रक्तातून रोग येण्याची भीती आता फार थोडी, पण शून्य नाही. आणि हे औषध नेमकं कसं काम करतं, ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही. परक्यांची फौज आली की आपली फौज शांत होते, एवढं दिसतं.

तू सगळं ऐकून घेतलंस. "आणि नाय घेतलंय तर?"

"हात असेच राहतील. कदाचित पायही जातील."

"मगे इचार कसलो?"

पैशांचं कसं जमलं ते मी इथे लिहीत नाही. तू लिहू दिलं नसतंस.

पहिली बाटली टांगली तेव्हा लिसी सिस्टर सुई घेऊन उभी होती आणि तू हात पुढे करेनास. "थांब गो. गाऱ्हाणां घालूचा हा." आपल्याकडे गाऱ्हाणं गावचा मानकरी घालतो. देवासमोर उभा राहून मोठ्याने मागणं मागतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. संपात पंगत बसण्याआधी तू ते घालायचीस. कुणी टोकलं तर म्हणायचीस, "पुरुष संपावर गेलेत, गाऱ्हाणां पण संपावर घालू?" वॉर्डात तू डोळे मिटलेस. "बा देवा म्हाराजा, आज ज्यो काय हजार जणांचो कालो तुझ्या लेकराच्या अंगात जाता हा, तो सुखान जाव दे रे म्हाराजा!"

धोंडू ओरडला, "व्हय म्हाराजा!" मी ओठ मिटून उभा राहिलो. मला ते कधीच जमलं नाही. चारचौघांत मोठ्याने देवाला हाक मारायची म्हटली की मला संकोच होतो. "मास्तराच्या तोंडात फक्त पुस्तक मावता," तू म्हणालीस आणि हात पुढे केलास.

त्या वॉर्डात तुझ्यासारख्या बाटल्या आणखी दोघांना लागल्या होत्या. एक कॉलेजातली मुलगी होती. तिची फौज रक्त गोठवणाऱ्या पेशी खात होती आणि तिच्या अंगावर निळे डाग उठले होते. पलीकडे एक आई आपल्या लहानग्याला घेऊन दर महिन्याला यायची. त्याच्याकडे जन्मापासून फौजच नव्हती, ती बाहेरून पुरवावी लागे. एकाची फौज आवरायची, दुसऱ्याला फौज द्यायची, आणि औषध तेच. मला हे कोडं वाटलं. तुला नाही. "एकाच पिठाची कोणाक भाकरी, कोणाक घावणे," तू म्हणालीस.

काही आठवड्यांनी एका दुपारी तू पिशवीची गाठ स्वतः सोडलीस. मग बटण. मग एके दिवशी मी जिना चढत असताना तो आवाज आला. परातीत भाकरी थापल्याचा. मी जिन्यातच थांबलो. इतकी वर्षं जो आवाज कानावर पडूनही ऐकला नव्हता, तो त्या दिवशी उभा राहून ऐकला. डॉक्टरीणबाई पकड मोजायचं यंत्र तुझ्या हातात देत असत. पुढच्या खेपेला तू ते बाजूला सारलंस, पदराखालून फडक्यात बांधलेली भाकरी काढलीस आणि टेबलावर ठेवलीस. "ह्यो माझो रिपोर्ट." पूर्ण गोल, काठाला एक चीर नाही. बाईंनी ती तिथेच मोडून खाल्ली.

मग दर महिन्याची बाटली सुरू झाली, आणि इथेच घात होणार होता.

एका खेपेला बाटली संपल्यावर तुझं डोकं फुटेल असं दुखू लागलं. मान वळेना, उजेड सोसवेना, उलट्या. दुसऱ्या दिवशी लघवी कमी झाली. रक्त तपासलं तर मूत्रपिंडं थकल्याची खूण. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला होता. "आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. प्यायल्यात ना, मावशी?"

"घेतलंय."

"मग मला हे औषध बंद करावं लागेल. हातांसाठी मूत्रपिंडं घालवता येणार नाहीत."

तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. ती भिंतीकडे वळलेली पाठ मी विसरणार नाही. संपात, काका गेले तेव्हा, कधीही तुला तसं पाहिलं नव्हतं.

लिसी सिस्टर चादर सरळ करता करता म्हणाली, "डॉक्टर, मावशीने पानी नहीं पिया. मैं ग्लास भरते, मास्तर पिऊन टाकतात. मला वाटला, मास्तरला शुगर आहे."

सगळे माझ्याकडे बघू लागले. खरंच होतं. दर खेपेला बाटली सुरू असताना तू पेला माझ्यापुढे करायचीस. "पी रे मास्तरा, घसो सुकलो तुझो. फळ्यासमोर बोंबलान इलंस." मी मायेचं पाणी म्हणून प्यायलो. तुझ्या हातून कधी काही नाकारलं नव्हतं, ते पाणी कसं नाकारणार?

मग तू सांगितलंस. पहिली भाकरी अखंड उतरली त्या दिवशी तू गावच्या देवीला नवस बोलली होतीस. बाटलीच्या आदल्या संध्याकाळपासून बाटली संपेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. "हजार जणांचा फुकट घेतंय, बाय. मी आयुष्यभर वाढलंय, घेवची सवय नाय माका. कायतरी सोडूक नको?"

डॉक्टरीणबाई तुझ्यावर ओरडतील असं मला वाटलं. त्या तुझ्या पलंगाच्या काठावर बसल्या. म्हणाल्या, "सगळं पाण्यामुळेच झालं, असं मी म्हणणार नाही. पण कोरड्या शरीराला हे औषध जड जातं. तुम्हाला साखर आहे, त्यामुळे अजूनच जड. मूत्रपिंडं सुधारली तर मी पुन्हा विचार करीन. साखर न घातलेली बाटली वापरू, आणखी सावकाश सोडू. पण तुम्ही पाणी प्यायलाच हवं, मावशी. नवसाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

"नवस मोडूचो नसता," तू म्हणालीस. "बदलूक येता."

मूत्रपिंडं हळूहळू सावरली. पुढची बाटली टांगली त्या दिवशी तू पलंगावर मांडी घालून बसलीस आणि गाऱ्हाणं घातलंस. "आई देवी, म्हाराजा, तुझ्या लेकरान खुळ्यासारखो नवस केल्यान. डॉक्टरीण पाणी पिऊक सांगता हा. तर पाण्याच्या बदल्यात..." इथे तू थांबलीस आणि मोठा सुस्कारा टाकलास, "...मी मिसरी सोडतंय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" धोंडू, शेजारच्या पलंगावरची बाई, आणि सगळ्यांत मोठ्याने लिसी सिस्टर. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "मिसरी तर मी कधीपासून सोडा म्हणत होते." मी याही वेळी गप्प होतो. तू पेला तोंडाला लावलास आणि पिताना माझ्याकडे बघून डोळा मिचकावलास.

त्यानंतरची वर्षं मला बक्षिसासारखी वाटतात. तू धोंडूच्या नातीच्या बारशाला घावण्यांचे ढीग लावलेस. लिसी सिस्टरला माशाची आमटी शिकवलीस आणि तिच्याकडून तिच्या गावची शिकलीस, आणि दोन्हींत कोणती चांगली यावरून तिच्याशी भांडलीस. वॉर्डात नवीन कुणी आलं की तिच्या उशाशी पाणी आहे का ते बघायचीस. आपली चूक दुसऱ्याच्या उपयोगी पडावी म्हणून ती हसत हसत सांगत फिरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

पण आपला वाद राहिलाच. मी पुस्तकातला माणूस. जे वाचलं त्याने भ्यायचो. मूत्रपिंडं वाचली तरी गाठीची भीती होतीच, आणि तुझं वय पुढे सरकत होतं. शेवटच्या बाटलीच्या आधी मी म्हणालो, "मावशी, हात चांगले आहेत तुझे. ही खेप चुकव. डॉक्टरांना विचारू, अंतर वाढवता येतं का."

"इचारलंय मी. मागे वाढवल्यानी तेव्हा बोटां झिणझिणली, आठवता? हात चांगले आसत ते बाटलीमुळेच."

"पण धोका..."

"मास्तरा, हात गेले तर मी नुसतो वरवंटो. बसलो थंय बसलो." मग तू काहीतरी पुढे बोलणार होतीस. तेवढ्यात धोंडू आला, पानं मांडली गेली, आणि बोलणं तिथेच राहिलं. तू काय म्हणणार होतीस, मावशी?

बाटली घेऊन आठवडा झाला नव्हता. भाकऱ्या झाल्या, परात उपडी झाली, आणि तू तव्यावरची भाकरी काढायला वळलीस ती खालीच बसलीस. परळला पोचलो तेव्हा तुला बोलता येत नव्हतं. गाठ मेंदूत गेली होती. दोन दिवसांनी तू गेलीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वय, साखर, की औषध, यातलं कुणी केलं ते मला सांगता येणार नाही. सांगता येतं असं म्हटलं तर ते खोटं असेल." त्यांचे डोळे सुजलेले होते.  मी मात्र मनात तुझ्याशी भांडत होतो: मी सांगितलं होतं ना?

काल तुझ्या पुढच्या बाटलीची तारीख होती. तुझी खेप आता नको, हे कळवायला कुणीतरी जायला हवं, असं निमित्त काढून मी इस्पितळात गेलो. तुझ्या पलंगावर एक बाई बसल्या होत्या, लालबागच्या. शिवणकाम करणाऱ्या. सुई धरता येईना म्हणून आल्या होत्या. बाटली टांगलेली, अजून लावलेली नव्हती. त्यांना कुणीतरी तुझ्याबद्दल सांगितलं असावं.

"तुम्ही त्या मावशींचे ना? खानावळवाल्या? धोका आहे म्हणतात हो याच्यात. मी घेऊ का?" आणि मी काही बोलायच्या आत, "त्या कशा आहेत आता?"

लिसी सिस्टर सुई हातात घेऊन थांबली. त्या बाईंना द्यायच्या उत्तराची मला जितकी भीती वाटली, तितकी कुठल्याच पुस्तकाची वाटली नव्हती. 'बऱ्या आहेत' म्हणणं सोपं होतं. 'घेऊ नका' म्हणणंही सोपं होतं. वर्षानुवर्षं तुला तेच सांगत आलो होतो.

"गेल्या," मी म्हणालो. "मेंदूत गाठ अडकली. औषधाने की वयाने, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. धोका आहे, तो डॉक्टरीणबाई तुम्हाला सांगतील, सगळा विचारून घ्या. पण कोसळल्या त्या सकाळीही मावशींनी भाकऱ्या थापल्या होत्या. स्वतःच्या हातांनी. अखंड."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग स्वतःच्या बोटांकडे. मग त्यांनी हात लिसी सिस्टरपुढे धरला.

"मास्तर," लिसी म्हणाली, "मावशी नाही. वो गाऱ्हाणा कौन बोलेगा?"

मी बाटलीकडे बघून हात जोडले. शब्द तुझे होते, तोडकेमोडके आले. हजार जणांचा काला सुखाने जाऊ दे. हिच्या हातात सुई राहू दे. लिसीने 'व्हय म्हाराजा' म्हटलं, पलीकडच्या पलंगावरून कुणी म्हटलं. आणि मीही म्हटलं, मावशी. मोठ्याने.

थेंब पडू लागले, सावकाश. मी उशाशी ठेवलेला पाण्याचा पेला उचलून त्या बाईंच्या हातात दिला. त्यांनी दोन घोट घेतले आणि माझ्याकडे बघून पेला पुढे केला. "तुम्ही घ्या ना. दमून आलात."

मी नको म्हणून मान हलवली, आणि त्यांनी पेला रिकामा करेपर्यंत तिथेच उभा राहिलो.